साडीत दोष नाही, फक्त रंग आवडला नाही. मग पैसे परत मिळतील का?

प्रश्न : सुनेसाठी गावातल्याच एका दुकानातून १८,५०० रुपयांची पैठणी घेतली. मालक गल्ल्यावर बसलेले असतानाच विक्रेत्याने, ‘घरी दाखवा, पसंत पडली नाही तर बदलून देऊ,’ असे सांगितले होते. सुनेला रंग आवडला नाही. चौथ्या दिवशी साडी परत नेली, तेव्हा मालकांनी बिलाच्या तळाशी छापलेल्या ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या ओळीवर बोट ठेवले. बरीच बोलाचाली झाल्यावर महिनाभराच्या मुदतीची क्रेडिट नोट देऊ केली. मला रोख रक्कम मागता येईल का? साडीला अजून फॉल-बिडिंग केलेले नाही.
— एक वाचक, मिरज

उत्तर : रोख रक्कम हक्क म्हणून मागता येणार नाही, साडी बदलून मात्र मागता येईल, आणि ती कशाच्या आधारावर मागायची हे नीट समजून घेणे तुमच्या फायद्याचे आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. पावतीवर मुदत लिहिलेली असेल तर त्या मुदतीत आणि लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत दुकानदाराने हे करायचे असते. सदोष मालाच्या बाबतीत बिलावरची ती छापील ओळ त्याला वाचवू शकत नाही. पण ही सगळी तरतूद सदोष मालापुरती आहे. रंग आवडला नाही, माप बदलले किंवा लग्नच पुढे गेले, अशा कारणांसाठी निर्दोष माल परत घेण्याचे बंधन आपल्याकडे कोणताही कायदा दुकानदारावर घालत नाही. ग्राहक चळवळीतले कार्यकर्तेसुद्धा कधी कधी ‘३० दिवसांत काहीही परत करता येते’ असे सांगून टाकतात; ते बरोबर नाही.

तुमचा हक्क निर्माण होतो तो सौद्यातून. ‘पसंत पडली नाही तर बदलून देऊ’ या आश्वासनावर विसंबून तुम्ही पैसे मोजले असल्याने ते सौद्याचाच भाग आहे, आणि खास तुमच्याशी झालेले बोलणे सरसकट सगळ्या बिलांवर छापलेल्या ओळीपेक्षा वजनदार आहे, असा युक्तिवाद तुम्हांला करता येईल. अडचण पुराव्याची आहे. सोबत कोणी होते का? दुकानाशी व्हॉट्सॲपवर काही बोलणे झाले का? तसे असेल तर ते जपून ठेवा. मात्र आश्वासन बदलून देण्याचे होते, पैसे परत करण्याचे नव्हते. म्हणून तेवढ्याच किमतीची दुसरी साडी घ्यावी, किंवा क्रेडिट नोटेची मुदत वाढवून घेऊन ती सही-शिक्क्यानिशी घ्यावी, हाच मला व्यवहार्य मार्ग दिसतो.

फॉल-बिडिंग केले नाहीत हे फार चांगले झाले. माल विक्री कायदा, १९३० च्या कलम २४ मध्ये पसंतीवर नेलेल्या मालाचा विचार आहे : ग्राहकाने पसंती कळवली, किंवा माल आपलासा केल्याचे दाखवणारी कृती केली, किंवा नापसंती न कळवता ठरलेल्या अथवा वाजवी मुदतीपलीकडे तो ठेवून घेतला, की माल त्याचा होतो. तुम्ही पूर्ण पैसे देऊन बिल घेतल्यामुळे हे कलम तुम्हांला थेट लागू होईलच असे नाही. तरी फॉल लागलेली, ब्लाउजपीस कापलेली साडी कोणताही दुकानदार परत घेणार नाही, आणि त्यात त्याला दोषही देता येणार नाही.

आणखी एक गोष्ट तपासा. ‘दोष’ म्हणजे केवळ फाटलेले किंवा डागाळलेले नव्हे. विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे केलेल्या दाव्यापेक्षा माल शुद्धतेत किंवा दर्जात कमी पडला, तरी कायद्याने तो दोषच. अस्सल रेशमाची म्हणून दिलेली साडी मिश्र धाग्याची निघाली, तर रंगाचा वाद बाजूला ठेवून तुम्ही सरळ पैसे परत मागू शकता. साडीला सिल्क मार्कचा टॅग आहे का, हे आधी बघा.

प्रश्न : ऑनलाइन मागवलेला कुर्ता ठीक आहे, पण अंगावर शोभत नाही. ॲपवर ‘परत घेतला जाणार नाही’ असे लिहिले होते. ब्रिटनमधला माझा पुतण्या म्हणतो की १४ दिवसांत कारण न देता परत करता येते.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : पुतण्याचे म्हणणे तिथल्यापुरते बहुतांशी खरे आहे, तेही ऑनलाइन खरेदीसाठी, दुकानात जाऊन घेतलेल्या निर्दोष वस्तूला तिथेही असा हक्क नाही. भारतात ऑनलाइन खरेदीलाही अशी सरसकट मुदत दिलेली नाही. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे परतीच्या अटी दाखवणे बंधनकारक आहे, आणि वस्तू सदोष, बनावट किंवा जाहिरातीतल्या वर्णनाप्रमाणे नसेल, अथवा सांगितलेल्या तारखेनंतर पोहोचली असेल (आपत्तीमुळे झालेला उशीर सोडून), तर विक्रेत्याला ती परत घेणे नाकारता येत नाही. तुमच्या कुर्त्याचे कापड आणि रंग ॲपवरच्या वर्णनाशी ताडून पाहा. तफावत आढळली तर फोटोंसह विक्रेत्याकडे लेखी तक्रार करा. दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, आणि त्यानंतर तुमच्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे शुल्क लागत नाही. तफावत नसेल, तर कुर्ता घरातल्या दुसऱ्या कोणाच्या अंगाला बसतो का ते बघावे.