मुलगी दिसली की आमच्या व्हिडिओंना व्ह्यूज वाढतात. हे चुकीचं आहे का?

मालवणजवळ तुमचा होमस्टे, त्याचं चॅनल, त्यात सात वर्षांची लेक, आणि सासूबाई म्हणतात, 'पोरीचा बाजार मांडू नका.' शब्द कडक आहे, पण सासूबाई अगदीच चुकत नाहीयेत.

मी कुडाळला व्हिडिओ एडिटिंग करतो, त्यामुळे लोकांना न दिसणारं फुटेज मला दिसतं. एका घरी मुलाला हंगामातला पहिला हापूस खाताना शूट करत होते. पहिल्या फोडीला पोरगं मनापासून हसलं, पण नेमका तेव्हाच फोकस गेलेला. मग परत फोड, परत हस. शेवटी त्यानं फोड गालात धरून ठेवली आणि कॅमेरा बंद झाल्याबरोबर खळ्यात थुंकली. खाली कमेंटी काय, तर 'किती गोड!'

गणपतीच्या आरतीत लेक दिसली तर काही बिघडत नाही. तिला 'परत कर' म्हणायला लागलात की ते काम झालं. बालकलाकारांसाठी बालमजुरीच्या नियमांत 2017 पासून तरतूद आहे: दिवसाला 5 तासांच्या वर काम नाही, विश्रांतीशिवाय 3 तासांच्या वर नाही, आणि कमाईतला किमान 20 टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत. पण तुमच्या पडवीत घड्याळ लावून कोण बसणार? फ्रान्सने 2020 मध्ये ऑनलाइन व्हिडिओंत दिसणाऱ्या 16 वर्षांखालच्या मुलांसाठी खास कायदा केला. तिथे मूल स्वतः प्लॅटफॉर्मला सांगून आपले व्हिडिओ काढून टाकायला लावू शकतं. मला पैशांपेक्षा हे मोठं वाटतं, कारण तुमची लेक उद्या दहावीत गेल्यावर तिचा आजचा रडका व्हिडिओ वर्गातल्या पोरांच्या मोबाइलवर असणार.

तुमच्या बाबतीत आणखी एक भानगड आहे. इतरांचे प्रेक्षक लांब असतात, तुमचे थेट दारात येतात. पत्ता, फोन नंबर तुम्हीच देता. पाहुणा गाडीतून उतरताच पोरीला नावानं हाक मारतो, सेल्फीसाठी जवळ ओढतो, आणि गिऱ्हाईक म्हणून तुम्ही गप्प. त्या वेळी तिला 'नको' म्हणता येतं का, हे तिलाच विचारा, तेही कॅमेरा नसताना.

महिनाभर तिच्याशिवाय व्हिडिओ टाकून बघा. माशाचं कालवण, खाडी, तुमची माडाची बाग एवढं असताना बुकिंग थांबेल असं मला तरी वाटत नाही. आणि शाळेचा गणवेश किंवा शाळेची पाटी दिसते ते जुने व्हिडिओ मात्र आजच काढून टाका.