आईला दिलेला शब्द आणि नीटचा फॉर्म

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी माझी पत्नी स्तनाच्या कॅन्सरने गेली. डाव्या बाजूचं ऑपरेशन, केमो, पंधरा दिवस रेडिएशन, सगळं करून झालं होतं. शेवटच्या आठवड्यात तिने मुलाचा हात धरून ‘तू कॅन्सरचा डॉक्टर हो’ असं सांगितलं. त्याने मान डोलावली. आता तो अकरावीत आहे. फिजिक्स आणि गणित उत्तम, पण बायोलॉजी पाठ होत नाही. नीटच्या सराव परीक्षेत ७२० पैकी ३१०च्या पुढे जात नाही. त्याच्या टेबलासमोर मी तिचा फोटो आणि चेन्नईच्या कॅन्सरतज्ज्ञ डॉ. व्ही. शांता यांची माहिती लावली आहे. बारावीला गणित सोडून द्यायला सांगितलं आहे. हल्ली तो पुस्तक उघडून नुसता फोटोकडे बघत बसतो. गुण कसे वाढवायचे? – एक वडील

उत्तर : गुणांचं नंतर पाहू. ‘फोटोकडे बघत बसतो’ हे तुम्ही अभ्यासातल्या टाळाटाळीसारखं लिहिलं आहे. ती टाळाटाळ नाही. तुमचा मुलगा आईची आठवण काढतो आहे, आणि तेही अशा जागी जिथे त्याने फक्त अभ्यास करायचा असं तुम्ही ठरवून दिलंय. दवाखान्यातल्या त्या खाटेपाशी तो दुसरं काय करणार होता? ‘नाही’ म्हणणार होता? त्याने मान डोलावली ती आईला बरं वाटावं म्हणून. तो धीर होता आणि तो त्याने दिला. त्यावर करिअर बांधायला घेतलंत ते तुम्ही. आज सराव परीक्षेत चुकणारा प्रत्येक प्रश्न त्या पोराला आईसमोर चुकल्यासारखा वाटत असणार. असं ओझं डोक्यावर घेऊन पेशीविभाजन पाठ होत नाही.

तुम्हालाही हे दुःख पेलत नाहीये, हे पत्रात दिसतं. म्हणूनच स्पष्ट सांगतो : तिची इच्छा पूर्ण करण्याचं काम तुम्ही त्याच्या गळ्यात बांधलंय, आणि ते सोडवणं तुमच्याच हातात आहे.

डॉ. शांतांची माहिती तुम्ही भिंतीवर लावलीच आहे, तर ती त्याच्याबरोबर बसून पुन्हा वाचा. १९२७मध्ये मैलापूरला जन्म, १९४९मध्ये एमबीबीएस, १९५५मध्ये एमडी. ही एमडी स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्रातली होती, कॅन्सरमधली नव्हे. लोकसेवा आयोगातून सरकारी रुग्णालयातल्या जागेसाठी त्यांची निवडही झाली होती. त्यांनी ती नाकारली आणि चेन्नईतल्याच अड्यारच्या कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये गेल्या. तेव्हा तिथे बारा खाटा होत्या. हा निर्णय त्यांनी वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, हातात पदवी असताना, स्वतः घेतला. त्यानंतर त्या संस्थेच्या आवारातच राहिल्या आणि २०२१मध्ये ९३व्या वर्षी जाईपर्यंत तिथल्याच होत्या. २००५चा मॅगसेसे आणि २०१६चा पद्मविभूषण खूप नंतर आले. कुणाला दिलेल्या शब्दापायी माणूस पासष्ट वर्षं एका ठिकाणी असा राहत नाही.

तुम्ही म्हणाल, अड्यारची संस्थाही दुःखातूनच उभी राहिली. खरं आहे. ती उभी करणाऱ्या डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डींची धाकटी बहीण १९२३मध्ये कॅन्सरने गेली. पण मुथुलक्ष्मी त्याआधीच, १९१२मध्ये, डॉक्टर झाल्या होत्या, आणि संस्था सुरू झाली १९५४मध्ये. मधली एकतीस वर्षं ते दुःख त्यांचं स्वतःचं होतं. त्याचं काय करायचं हे त्यांनी ठरवलं. तुमच्या मुलालाही त्याच्या दुःखाचं काय करायचं ते ठरवायला तेवढीच मोकळीक हवी.

परीक्षांचं थोडक्यात : नीट, मग साडेपाच वर्षं एमबीबीएस, मग पदव्युत्तर प्रवेशासाठी नीट पीजी. रेडिएशनवाल्यांसाठी तीन वर्षांची एमडी पुरते. ऑपरेशन किंवा केमोकडे जायचं तर एमएस किंवा एमडीनंतर आणखी तीन वर्षांची एमसीएच (ऑपरेशनसाठी) किंवा डीएम (केमोसाठी). म्हणजे एकही वर्ष वाया न जाता साडेअकरा वर्षं. कॅन्सर की आणखी काही, हा प्रश्न पंचविशीच्या आसपास समोर येतो. अकरावीत त्याचं उत्तर कुणी मागू नये.

आता तुमच्या पत्रातला खरा गैरसमज. कॅन्सरशी लढतो तो डॉक्टरच, असं तुम्ही धरून चालला आहात. तुमच्या पत्नीला पंधरा दिवस रेडिएशन दिलं गेलं, तेव्हा आधी त्यांना हात डोक्यावर घेऊन एका तिरक्या फळीवर झोपवून सीटी स्कॅन केला असेल आणि छातीवर टिंबाएवढ्या खुणा केल्या असतील. रोज त्याच स्थितीत झोपवता यावं म्हणून हे करतात. त्या स्कॅनवर डॉक्टर उपचाराची जागा आणि वाचवायचे अवयव आखून देतात. तिथून पुढचं काम असतं मेडिकल फिजिसिस्टचं. स्तनासाठी पंधरा भागांत साधारण ४० ग्रे (ग्रे हे रेडिएशनचा डोस मोजण्याचं एकक) द्यायचे असतात. डाव्या स्तनाच्या लगेच मागे हृदय आणि फुप्फुस. किरण कोणत्या कोनातून आणावेत, किती वेळ सोडावेत, म्हणजे ठरलेल्या जागी पूर्ण डोस पोचेल आणि हृदयाला कमीत कमी बसेल, हे गणित तो मांडतो. रोज सकाळी पहिला रुग्ण आत जाण्याआधी यंत्रातून बाहेर पडणारा डोस तपासला जातो आणि फरक तीन टक्क्यांच्या वर गेला तर आधी कारण शोधावं लागतं, कारण डोस कमी पडला तर गाठ परत येऊ शकते आणि जास्त झाला तर चांगल्या पेशी जळतात. या माणसाला रुग्णाचे नातेवाईक बहुधा भेटतही नाहीत. तुम्हीही भेटला नसाल. पण त्या पंधरा दिवसांत तुमच्या पत्नीच्या हृदयाची काळजी घेणाऱ्यांत तो होता.

फिजिक्स आणि गणित उत्तम असलेल्या मुलाला हे काम निदान दाखवायला तरी हवं. रस्ता असा : फिजिक्स घेऊन बीएस्सी. मग एमएस्सी मेडिकल फिजिक्स, किंवा फिजिक्समध्ये एमएस्सी करून मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राची रेडिओलॉजिकल फिजिक्सची एक वर्षाची पदविका. त्यानंतर रेडिओथेरपी विभागात एक वर्षाची इंटर्नशिप, आणि रेडिएशन सुरक्षा अधिकाऱ्याची परीक्षा. मुलं फसतात ती दोन ठिकाणी. एक, अणुऊर्जा नियामक मंडळाची मान्यता न पाहता अभ्यासक्रमाला प्रवेश घेतात. दुसरं, बारावीला गणित सोडतात आणि मग बीएस्सी फिजिक्सचं दार अवघड होऊन बसतं. तुम्ही नेमकं तेच करायला निघाला आहात. गणित सोडू देऊ नका. नीट द्यायची की नाही हे पुढे त्याचं त्याला ठरवू दे. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि गणित हे चारही विषय ठेवले तर दोन्ही वाटा उघड्या राहतात.

पण हेही नवीन ओझं करू नका. उद्या फोटोशेजारी फिजिसिस्टची माहिती चिकटवाल, तर पुन्हा तेच होईल. त्याला कॅन्सरच्या जवळपासही जायचं नसेल, तर तेही चालेल.

या आठवड्यात एवढंच करा. शांतांचं पान भिंतीवरून काढा. आईचा फोटो टेबलासमोरून काढून बाहेरच्या खोलीत, तुम्ही दोघं बसता तिथे लावा. हे त्याला विचारून करा. मग त्याच्याशेजारी बसून म्हणा, ‘आईला दिलेल्या शब्दातून तू मोकळा आहेस.’ या वाक्यानंतर ‘पण’ म्हणू नका. तो रडेल, गप्प राहील किंवा उठून जाईल. जाऊ द्या. झोप आणि जेवण बिघडलं असेल, तर १४४१६ या टेलि-मानस या मानसिक आरोग्य मदतसेवेच्या निःशुल्क क्रमांकावर फोन करा, त्याच्यासाठी आणि तुमच्यासाठीही. सराव परीक्षा महिनाभर बंद ठेवा.

त्यानंतर कधीतरी त्याला विचारा, ‘आई आजारी असताना तुला सगळ्यात जास्त काय समजून घ्यावंसं वाटत होतं?’ उत्तर यायला वेळ लागेल. ते मला कळवा, मग पुढचं ठरवू.