फुकटच्या सॉफ्टवेअरबरोबर आलेले पाहुणे आणि जुन्या सीडीतला प्लेअर

प्रश्न: एक फुकटातलं व्हिडिओ कन्व्हर्टर टाकलं, तेव्हापासून ब्राउझरचं होमपेजच बदललंय, सर्च भलत्याच साईटवर जातं, कोपऱ्यात 'तुमचा पीसी स्लो झालाय' असे पॉपअप येतात. कन्व्हर्टर काढून टाकलं तरी तेच. व्हायरस शिरलाय का?

उत्तर: लक्षणं तरी बंडलवेअरची दिसतात. कन्व्हर्टरच्या जोडीला आणखी एक-दोन प्रोग्रॅम आले असणार, ते वेगळे इन्स्टॉल होतात म्हणून कन्व्हर्टर गेलं तरी ते ठाण मांडून बसतात. अ‍ॅप्सची यादी इन्स्टॉलच्या तारखेनुसार लावा आणि त्या दिवशीचं जे अनोळखी दिसेल ते काढा, मग ब्राउझरमधली एक्स्टेन्शन्स बघा. तरी होमपेज परत येत असेल तर ब्राउझरच्या शॉर्टकटवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधला टार्गेट वाचा, शेवटी .ईएक्सई नंतर एखाद्या साईटचा पत्ता चिकटवलेला असतो, तेवढा पुसा. (हे बऱ्याच जणांच्या डोक्यातच येत नाही!) आणि 'पीसी स्लो' वाल्यांना एक पैसाही देऊ नका. पुढच्या वेळी इन्स्टॉल करताना 'कस्टम' निवडा, जादा प्रोग्रॅमचे टिकमार्क तिथेच लपवलेले असतात, ते काढा.

प्रश्न: जुन्या ऑडिओ सीडी कॉम्प्युटरवर घेतोय. एक सीडी म्हणते आधी आमचा प्लेअर इन्स्टॉल करा. करू का?

उत्तर: अजिबात नको. २००५ साली सोनी बीएमजी या म्युझिक कंपनीने हेच केलं होतं. कॉपी होऊ नये म्हणून काही सीडींवर एक्ससीपी नावाचं सॉफ्टवेअर होतं, ते विंडोजमध्ये गुपचूप रूटकिट, म्हणजे स्वतःला आणि इतर फाईलींना लपवणारा प्रोग्रॅम, टाकायचं. मार्क रसिनोविच हा विंडोजमधला जाणकार रूटकिट शोधणारं स्वतःचं टूल तपासत होता, त्यात त्याच्याच मशीनवर हे सापडलं. ज्या फाईलचं नाव डॉलर-सिस-डॉलर ने सुरू होईल ती फाईल विंडोजला दिसायचीच बंद व्हायची, मग काय, व्हायरसवाल्यांनीही आपल्या फाईलींना तेच नाव द्यायला सुरुवात केली. हाताने डिलीट करायला गेलं की सीडी ड्राइव्हच गायब, आणि कंपनीने दिलेल्या अनइन्स्टॉलरने तर सिक्युरिटीला आणखी मोठं भोक पाडलं. शेवटी सीडी बाजारातून परत घ्याव्या लागल्या. पैसे मोजून सीडी घेतली त्याच्याच कॉम्प्युटरची वाट, आणि पायरेटेड कॉपी वापरणाऱ्याला काहीच नाही, ही मला सगळ्यात चीड आणणारी गोष्ट वाटते.

तुमच्या सीडीत हेच आहे असं नाही, पण गाणी ऐकायला त्यांच्या प्लेअरची गरज शक्यतो नसते. शिफ्ट दाबून ठेवून सीडी आत घाला म्हणजे ऑटोरन (सीडीतला प्रोग्रॅम आपोआप सुरू होणं) चालत नाही, मग नेहमीच्या प्लेअरमधून ट्रॅक वाजतात का बघा. नाही वाजले तर साध्या सीडी प्लेअरवर ऐका.