कसारा घाट, मे महिना आणि वर चढणारा काटा

मे लागला की जुन्या व्हॅनचे कॅम्पर केलेल्या लोकांचे तेच प्रश्न येतात, गाडी गरम होते. माझा उलटा प्रश्न ठरलेला, कधी होते? घाटात, सिग्नलला, की सतत? निम्मं निदान तिथेच होतं.

प्रश्न (सिडको, नाशिक): २००६ची टेम्पो ट्रॅव्हलर आहे, आत बेड, किचन, १०० लिटरची पाण्याची टाकी. सपाटीला तापमानाचा काटा मधोमध असतो, पण मुंबईहून येताना कसारा घाटात हमखास चढतो. गॅरेजवाला इंजिन खोलू म्हणतोय.

उत्तर: इंजिन इतक्यात खोलू देऊ नका. भरलेली टाकी म्हणजेच १०० किलो, वर बेड-किचन, आणि चढाला इंजिन दाबून चालवायचं, म्हणजे सपाटीला कसाबसा पुरणारा, अर्धा तुंबलेला (चोक) रेडिएटर, म्हणजे इंजिनचं पाणी गार करणारी जाळी, घाटात उघडा पडतो. पुढची जाळी काढून एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत टॉर्च मारा. मागच्या आठवड्यात अशाच एका गाडीत बोटं घातली तर मूठभर कांद्याची टरफलं निघाली, गाडी लासलगाव-पिंपळगाव रोडला कांद्याच्या ट्रॅक्टरांमागून फिरणारी, टरफलं आत ओढली गेली, त्यावर धूळ आणि तेल बसून अक्षरशः गोधडी झाली होती, हवा जाणार कुठून? धुवायचं ते इंजिनच्या बाजूने बाहेर, साध्या पाईपने, वॉशिंग सेंटरच्या प्रेशरने फिन (रेडिएटरच्या पातळ पत्र्या) आडव्या पडतात. तरी फरक नाही पडला तर आतून चोक आहे, वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलं की क्षार धरतो. गाडी बंद करून थोडी निवली की रेडिएटरवर हात फिरवून बघा, मधेच थंड पट्टा लागला तर तिथून पाणी फिरत नाहीये. तांब्या-पितळेचा असेल तर रॉडिंग (नळ्यांतून सळई फिरवून सफाई) करून घ्या, प्लास्टिक टाकीचा ॲल्युमिनियमचा असेल तर सरळ बदला. आणि घाटात एक गिअर खाली ठेवा, पंप आणि फॅन दोन्ही जोरात फिरतात.

प्रश्न (ओझर): ओम्नी द्वारका सर्कलच्या ट्रॅफिकमध्ये तापते, हायवेला नाही. मेकॅनिकने थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) काढून टाकला तरी तेच.

उत्तर: हायवेला वारा मिळतो, उभ्या गाडीला फक्त फॅन. म्हणजे फॅनच बघायला हवा होता! गाडी उभी चालू ठेवा, काटा मध्याच्या वर सरकला तरी फॅन लागला नाही तर फॅनला बॅटरीवरून डायरेक्ट करंट द्या, फिरला तर फ्यूज, रिले किंवा सेन्सरचा दोष, नाही फिरला तर मोटर गेली. आणि थर्मोस्टॅट परत बसवाच. हे काढून टाकायचं खूळ मला खरंच सहन होत नाही, इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त खातं, आणि मूळ आजार तसाच राहतो.

प्रश्न (पंचवटी): दर आठवड्याला अर्धा लिटर पाणी कमी होतं, गाडीखाली थेंब नाही.

उत्तर: आधी रेडिएटरची कॅप बदला, खर्च किरकोळ आहे. ०.९ बारची कॅप नीट दाब धरते तेव्हा पाणी ११५ अंशांच्या पुढे उकळतं, रबर गेलं की १००लाच उकळून वाफ होतं. तरीही कमी होत असेल तर गार इंजिनची कॅप काढून गाडी चालू करा, पाण्यात सतत बुडबुडे, ऑईलच्या झाकणाखाली दुधी चिकटा, सायलेन्सरमधून पांढरा धूर, यातलं काही दिसलं तर हेड गास्केटचा (इंजिन ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या सीलचा) संशय घ्या आणि लांबची ट्रिप रद्द करा. पुढे नुसतं पाणी नको, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घाला, हिरवं आणि गुलाबी कूलंट एकत्र करू नका.

प्रश्न (इंदिरानगर): घाटातच काटा लाल झाला तर?

उत्तर: एसी बंद, हीटर फुल, ब्लोअर फुल, उकडेल पण इंजिनची उष्णता बाहेर निघते, आणि जागा मिळेल तिथे बाजूला घ्या. वाफ येत असेल तर इंजिन लगेच बंद करा. कॅपला हात नको, निदान अर्धा तास थांबा, मग जाड फडकं धरून हळूहळू सैल करा. आणि तापलेल्या इंजिनमध्ये गार पाणी ओतू नका, हेडला क्रॅक जातो.