'जोखडाखाली' की 'जोखडाखालून'?

प्रश्न असा आला आहे: रोमच्या इतिहासावरच्या एका मराठी अनुवादात 'सॅम्नाइटांनी रोमन सैन्याला जोखडाखाली घातले' असं वाक्य आहे. म्हणजे रोमनांना गुलाम केलं का? आणि इंग्रजी 'सब्जुगेट'चा याच्याशी काही संबंध आहे का?

गुलाम केलं नाही, सोडून दिलं. सगळा घोटाळा 'खाली' आणि 'खालून' यांत आहे. मराठीत 'जोखडाखाली' म्हटलं की मानेवर जू घेऊन राबणारा बैल डोळ्यांपुढे येतो. तो तिथून सुटत नाही. मूळ लॅटिन वाक्प्रचार मात्र 'सुब युगुम मित्तेरे' असा आहे. 'सुब युगो' म्हणजे जुवाखाली असणं, तर 'सुब युगुम'मध्ये जाण्याची क्रिया आहे. जुवाखालून पाठवायचं, पलीकडे बाहेर काढायचं आणि घरी जाऊ द्यायचं. त्या जाण्यातच सगळा अपमान होता.

सॅम्नाइट हे दक्षिण इटलीतल्या अपेनाइन डोंगरांत राहणारे लोक. त्यांची भाषा ऑस्कन, लॅटिनची जवळची बहीण. इ.स.पू. 343 ते 290 या काळात रोमशी त्यांची तीन युद्धं झाली. त्यातल्या दुसऱ्या युद्धात, इ.स.पू. 321 मध्ये, कॉडियमच्या खिंडीत हा प्रसंग घडला. रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो की मेंढपाळांच्या वेशातल्या सॅम्नाइट सैनिकांनी खोटी बातमी पेरली, रोमन सैन्य घाईने खिंडीत शिरलं आणि दोन्ही तोंडं बंद झाली. सॅम्नाइट सेनापती गायस पोंटियस याने म्हाताऱ्या वडिलांना सल्ल्यासाठी गाडीत घालून छावणीत आणवलं. हेरेनियस पोंटियस म्हणाले, सगळ्यांना मानाने सोडा. ते पटलं नाही तेव्हा म्हणाले, मग एकालाही जिवंत ठेवू नका. मधला मार्ग मित्रही मिळवून देत नाही आणि शत्रूही संपवत नाही. मुलाने नेमका मधलाच मार्ग धरला. शस्त्रं काढून घेतली, अंगावर एकेक वस्त्र ठेवलं आणि सगळ्यांना जुवाखालून चालवलं. सगळ्यांत पुढे दोन्ही कॉन्सल, म्हणजे रोमचे सर्वोच्च अधिकारी.

हे जू बैलांचं नव्हतं. दोन भाले जमिनीत रोवायचे, तिसरा त्यांच्यावर आडवा बांधायचा. आपल्याकडच्या जुवाला शिवळा असतात, जोतं असतं, बैलाची मान त्यात पक्की अडकते. या तीन भाल्यांत अडकवायला काहीच नव्हतं, फक्त वाकून पलीकडे जायचं. भाल्यांच्या या जुवाचं वर्णन लिव्हीने आधीच्या एका प्रसंगात केलं आहे. इ.स.पू. 458 मध्ये एक्वी या दुसऱ्या डोंगरी जमातीला खुद्द रोमनांनीच असं वाकवलं होतं, आणि वाकवणारा होता सिन्सिनाटस, ज्याला चार युगेरा जमिनीच्या तुकड्यावरून बोलावून आणलं होतं. युगेरा हे 'युगेरुम'चं अनेकवचन, शब्द 'युगुम'च्याच कुळातला. बैलजोडी एका दिवसात नांगरील तेवढी जमीन म्हणजे एक युगेरुम. आपण 'एका औताची शेती' म्हणतो, तशीच ही शेतकऱ्याची मोजणी.

आता मला सगळ्यांत प्रिय असलेला भाग. लॅटिन 'युगुम' आणि संस्कृत 'युगम्' हे एकाच मूळ शब्दाचे वारस आहेत, आणि दोन्हींचा अर्थ जू. संस्कृत 'युग'वरूनच मराठी 'जू' आलं. 'योग', 'युक्त', 'युग्म' हे सगळे त्याच युज् धातूचे. म्हणजे लिव्ही ज्या शब्दाने रोमचा अपमान सांगतो, त्याचा सख्खा भाऊ आपल्या गोठ्यात आढ्याला टांगलेला असतो. 'सब्जुगेट' हे 'सुब' आणि 'युगुम' यांवरूनच बनलं, त्यामुळे 'जू' त्याचंही नातलग. पण 'सब्जुगेट'मध्ये कायमचं अंकित करण्याचा अर्थ पुढे पक्का झाला, आणि त्या अनुवादकाला बहुधा त्यानेच फसवलं.

सॅम्नाइट शेवटी हरले, पण त्यांची खिंड भाषेत राहिली. मोठी मानखंडना सोसावी लागली की इटालियन माणूस आजही 'कॉडियमच्या खिंडीतून जावं लागलं' असं म्हणतो. फ्रेंचमध्येही हाच वाक्प्रचार आहे.

'पारतंत्र्याचे जोखड' हा मराठी प्रयोग अगदी योग्य आहे, तो बदलू नये. त्या अनुवादातलं वाक्य मात्र मी असं लिहीन: 'सॅम्नाइटांनी रोमन सैनिकांना भाल्यांच्या जुवाखालून वाकून जायला लावले आणि सोडून दिले.'