शंका-समाधान : नॅसवर मायनिंग – आपण लावलेले आणि परक्याने लावलेले

प्रश्न : घरी चार कोअरचा सेलेरॉन प्रोसेसर असलेली दोन डिस्कची नॅस पेटी (नेटवर्कवर फाइली साठवणारा छोटा संगणक) आहे. फोटो आणि सिनेमे सोडले तर दिवसभर रिकामीच असते. चालू असतेच, तर तिच्यावर मायनिंग (संगणकाला गणिते करायला लावून क्रिप्टो नाणी मिळवणे) लावून चार पैसे सुटतील का? – एक वाचक, जुळे सोलापूर

सुटतील, पण पदरची वीज घालून. बिटकॉइनचा तर विचारही नको. ते काम आता त्यासाठीच घडवलेली यंत्रे करतात. साध्या प्रोसेसरवर जमण्यासारखे नाणे म्हणजे मोनेरो. त्याच्या रँडमएक्स पद्धतीला 2 जीबीहून जास्त मोकळी रॅम लागते आणि प्रत्येक थ्रेडमागे (एका वेळी चालणाऱ्या कामामागे) 2 एमबी कॅश, म्हणजे प्रोसेसरची आतली वेगवान मेमरी. तुमचा प्रोसेसर जे4125 असेल तर कॅश 4 एमबी, म्हणजे चार कोअर असूनही दोनच थ्रेड धड चालणार. पेटीत मुळात 2 जीबीच रॅम असेल, तर लाइट मोडवर यावे लागते आणि वेग कित्येक पटींनी पडतो.

आता हिशोब. सेकंदाला 400 हॅश (मायनिंगची गणिते) मिळाले असे धरू आणि जगभरचा मोनेरोचा हॅशरेट, म्हणजे सगळ्यांचे मिळून सेकंदाचे हॅश, 5 अब्ज धरू. दर दोन मिनिटांना 0.6 मोनेरो, म्हणजे दिवसाला 432 मोनेरो जगभर वाटले जातात. त्यात तुमचा वाटा 0.0000346. भाव 25 हजार रुपये धरला, तर दिवसाचे 86 पैसे. पूलने (मिळून खणणाऱ्यांच्या गटाने) पैसे द्यायची किमान रक्कम 0.01 ठेवली असेल, तर पहिला हप्ता हाती यायला 290 दिवस.

खर्चाची बाजू बघा. प्रोसेसरचे जादा 10 वॅट. शिवाय मायनर ज्यात चालतो तो कंटेनर (सॉफ्टवेअरचा वेगळा कप्पा) सतत लॉग, म्हणजे कामाची नोंद, लिहीत राहतो, त्यामुळे डिस्क झोपत नाहीत. त्याचे आणखी 10 धरा. वीस वॅटांनी 24 तासांत जवळजवळ अर्धा युनिट. युनिट दहा रुपयांना पडत असेल, तर दिवसाला 4 रुपये 80 पैसे. हॅशरेट आणि भाव त्या दिवशीचे घालून हाच हिशोब पुन्हा करा, फार फरक पडणार नाही.

आणि उन्हाळा? घरगुती नॅसचे बहुतेक उत्पादक भोवतालच्या हवेची मर्यादा 40 अंश देतात. मे महिन्यात आपल्याकडे बाहेरच 42-43 असते. माळ्यावर किंवा बंद कपाटात ठेवलेली पेटी मायनिंग न करताही मर्यादेबाहेर जाते.

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे टॉवेलचे युनिट आहे. टॅलीचा डेटा आणि जॅकार्डची डिझाइन्स ऑफिसच्या नॅसवर असतात. पंधरा दिवसांपासून फाइल उघडायला वेळ लागतो, रात्रीही पंखा घोंघावतो, सीपीयू 50 टक्क्यांच्या खाली येत नाही. – एक उद्योजक

आधी साधी कारणे. पंख्याच्या जाळीत सुताची तूस अडकली असेल तर पंखा ओरडतो, पण त्याने सीपीयू वाढत नाही. फोटोंचे थंबनेल, इंडेक्सिंग, रेडची (अनेक डिस्क एकत्र जोडण्याच्या रचनेची) तपासणी यांनी वाढतो. मात्र तेव्हा डिस्कचे दिवे सारखे लुकलुकत असतात आणि काम कधीतरी संपते. दिवे शांत, पंखा मात्र जोरात, असे रात्रंदिवस चालले असेल तर कुणीतरी तुमच्या विजेवर नाणी खणत असण्याची शक्यता मोठी.

हे काही नवे नाही. 2014 साली सिनॉलॉजी या नॅस कंपनीच्या जुन्या सॉफ्टवेअरमधल्या त्रुटींतून घुसून लोकांच्या पेट्यांवर डोजकॉइन हे नाणे खणले गेले. डिसेंबर 2021 मध्ये क्यूनॅप या दुसऱ्या नॅस कंपनीने इशारा दिला होता, तो तुमच्या लक्षणांशी जुळतो : चौकोनी कंसात ‘ऊम रीपर’ (oom_reaper) नावाची प्रोसेस निम्मा सीपीयू खाते. या नावाची लिनक्सची स्वतःची प्रोसेस असतेच, पण खरी निवांत पडून असते आणि तिचा पीआयडी, म्हणजे प्रोसेसचा क्रमांक, लहान असतो. खोटीचा बहुधा हजाराच्या पुढे. रिसोर्स मॉनिटरमध्ये प्रोसेस सीपीयूप्रमाणे लावून पाहा. एकच नाव ठाण मांडून वर बसले असेल, तर नाव आणि पीआयडी लिहून ठेवा.

मग राउटरची इंटरनेटची वायर काढा, नॅस चालूच राहू द्या. डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्या. फक्त डेटा, सेटिंगचा बॅकअप परत चढवू नका, कारण ठरावीक वेळी चालणारे काम त्यातच लपलेले असू शकते. रीस्टार्ट केल्यावर पंखा गप्प झाला म्हणून सुटलो असे समजू नका, तेच काम पुन्हा मायनर उतरवून घेते. ताजे फर्मवेअर (पेटीचे मूळ सॉफ्टवेअर) दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवा, पेटी फॅक्टरी रीसेट करून ते चढवा आणि डेटा परत भरा. ‘अ‍ॅडमिन’ हे खाते बंद करून वेगळ्या नावाचे करा, दुहेरी पडताळणी लावा.

दार कुठून उघडे राहिले ते राउटरमध्ये सापडेल. घरून टॅली बघायला सोपे पडावे म्हणून कुणीतरी पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून थेट नॅसपर्यंत वाट) केलेले असते, नाहीतर राउटरच्या यूपीएनपी या सोयीने ते आपोआप झालेले असते. दोन्ही बंद करा आणि बाहेरून यायला व्हीपीएन (इंटरनेटवरची खासगी, सुरक्षित वाट) ठेवा. हे राहिले तर बाकीची सगळी मेहनत महिन्याभरात वाया.

प्रश्न : स्टुडिओतल्या नॅसमध्ये 8 टीबीची डिस्क रिकामी आहे. चिया या क्रिप्टो नाण्याला तर फक्त जागा लागते ना? – एक छायाचित्रकार, नवी पेठ

प्लॉट, म्हणजे चियासाठी डिस्कवर आधी भरून ठेवायच्या मोठ्या फाइली, तयार झाल्यावर जागाच लागते. के32 आकाराचा एक साधा प्लॉट सुमारे 109 जीबीचा, म्हणजे 8 टीबीत 73 बसतील. पण जुन्या पद्धतीने एक प्लॉट बनवताना तात्पुरत्या डिस्कवर 1 टीबीहून जास्त लिहिले जाते; नॅसचा वेग वाढवायला बसवलेली कॅश एसएसडी त्यासाठी वापरली तर ती लवकर झिजते. नंतर दर 9-10 सेकंदांना प्लॉट चाळले जातात, त्यामुळे डिस्क कधीच झोपत नाही. लग्नाच्या सीझनमध्ये तीच जागा फुटेजला लागेल, हे तुम्हाला सांगायला नकोच.

प्रश्न : एवढे करून मिळालेच, तर कर? – वरीलच वाचक

1 एप्रिल 2022 पासून क्रिप्टोच्या विक्रीतल्या नफ्यावर सरसकट 30 टक्के, वर सेस. मायनिंगच्या यंत्रणेवरचा खर्च खरेदी किंमत म्हणून वजा होत नाही आणि तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वळता करता येत नाही.