पोस्ट परत टाक

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तुझी अहिराणीतली पोस्ट वाचली. सकाळी पुन्हा उघडायला गेले तर नाहीशी झालेली. ‘मराठीच्या बाई असून अशी भाषा?’ असं कुणीतरी खाली लिहिलं होतं, ते मीही पाहिलं.

ती परत टाक. तू बागलाणची, शिकवतेस नाशिकात. सटाणा-कळवणकडून आलेली मुलं ‘इथे’ऐवजी ‘आठे’ तोंडातून गेलं की वर्गात जीभ चावतात. बाईंनीच आपली बोली लपवली तर त्यांनी कुणाच्या जिवावर बोलावं? तुझ्या प्रोफाइलवर नुसतं ‘मराठी शिक्षिका’ आहे, त्यापुढे ‘घरी अहिराणी’ जोड.

शुद्धलेखन वर्गात चोख शिकव, तिथे सूट नको. पण दुकानांच्या पाट्यांचे फोटो टाकून लोकांच्या चुका दाखवणं सोड. माझे वडील ‘कांहीं’, ‘नांव’ असं लिहीत आणि ते बरोबर होतं. १९६२च्या नियमांनी ते अनुस्वार गेले.

आता माझी चूक सांगते. आठवीतल्या एका मुलाच्या निबंधाचा फोटो मी फेसबुकवर टाकला होता, लाल शाईच्या खुणांसकट. नाव झाकलं होतं, पण अक्षर वर्गातल्या सगळ्यांच्या ओळखीचं. कौतुक माझं झालं, ‘किती मनापासून तपासता!’ त्या मुलाने पुढे वर्षभर चार ओळींच्या वर काही लिहिलं नाही. मी त्याची माफी मागितली, त्याने मान हलवली, पण वही तशीच राहिली. म्हणून सांगते, मुलाची वही, चेहरा, आवाज यातलं काहीही त्याला आणि आईवडिलांना विचारल्याशिवाय टाकू नकोस. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यानेही अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती धरली आहे, पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

२७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या त्याच दोन-चार ओळी सगळ्यांच्या स्टेटसवर फिरतील. आपण त्यांच्या नाशिकचे. त्या दिवशी तू वर्गात कविता शिकवताना कुठे अडलीस, ते लिही.

आणि हो, त्या पोस्टमधल्या एका शब्दाचा अर्थ मला लागला नव्हता. विचारणारच होते, तेवढ्यात ती गेली. परत टाकलीस की कळव.

तुझ्या,
बाई